दाढेच्या इम्प्लांटला ड्रिल बरं की अल्ट्रासॉनिक? (एका लेथवाल्याचा प्रश्न)

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. वय ५८. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं झाली. जन्मभर लोखंडाला भोकं पाडली, आता स्वतःच्या हाडाला पाडून घ्यायची वेळ आलीय, म्हणून विचारतोय.

खालच्या जबड्यातली डावीकडची मोठी दाढ पाच महिन्यांपूर्वी काढली. रूट कॅनाल झालं, कॅप झाली, शेवटी मुळालाच तडा गेला. तिथं हाड भरून आलंय, इम्प्लांट बसवायचं ठरलंय, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर कॅप. दोन ठिकाणी दाखवलं. पहिले डॉक्टर म्हणाले, अल्ट्रासॉनिक मशिननं करू, त्याला पिझो म्हणतात, हाड कापतं पण जबड्यातून जाणारी नस कापत नाही. त्याचे आठ हजार वेगळे. दुसऱ्यांनी स्कॅन स्क्रीनवर घेतला, माझ्यासमोर मोजलं. हाडाच्या माथ्यापासून नसेपर्यंत १५ मिमी. म्हणाले, "काका, १० चा स्क्रू बसतोय, खाली ५ शिल्लक राहतात. पिझो कशाला?" दोघंही सरळ बोलणारे वाटले, तीच तर पंचाईत. एक जरी लबाड वाटला असता तर निर्णय सोपा होता.

पैशाचं सोडा. माझी खरी भीती गरमीची आहे. माझ्या मेव्हण्याचा इम्प्लांट दीड महिन्यात हातात आला. जेवता जेवता हलायला लागला आणि दुसऱ्या दिवशी निघालाच. कुठं केला ते इथं लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. "हाडानं धरलं नाही" एवढंच त्याला सांगण्यात आलं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ड्रिल चालू असताना जळका वास आला होता आणि पाणी भोकात कमी, गळ्यावरच्या टॉवेलवर जास्त पडत होतं. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लाल दिवा लागला. आमच्यात ड्रिल बोथट झालं, कूलंटची तोटी सरकली की चिप निळी पडते. स्टीलला तो निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो. लांबून बघून पोराला ओरडता येतं, "अरे, धार लाव." हाडाची चिप काय निळी पडत नसणार. मग डॉक्टरला कळतं कसं?

तर प्रश्न असे. हाड किती तापलं की बिघडतं? पिझोत कमी तापतं का? सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरणार म्हणजे घर्षण आलंच की. नस कापत नाही म्हणजे त्या टोकाला हाड आणि नस यातला फरक समजतो कसा? आणि एक फक्त लेथवाल्याला पडणारा प्रश्न: थरथरणाऱ्या टोकानं भोक गोल पडतं का? आमच्यात दहा-वीस मायक्रॉन इकडं तिकडं झालं तर बेअरिंग ढिलं बसतं.

"वेदनारहित उपचार, आजच फोन करा" लिहिणाऱ्यांनी पुढच्या गल्लीत जावं.

भावड्या_भुदरगड

काका, आठ हजारात वर्षभराची मिसळ होत्या. पण दाढ नसली तर ती चावणार कशानं, हे बी हाय. चालू द्या, मी नुसता वाचायला बसलोय.

जबडा_सर्जन

काका, मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करते, राजारामपुरीत बसते. माझ्याकडे ड्रिल आहे, पिझोही आहे, त्यामुळे मला यातलं काहीच तुमच्या गळ्यात मारायचं नाही.

तुम्ही गरमीवर बोट ठेवलंत ते अगदी बरोबर. १९८३ साली एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या स्वीडनच्या संशोधकांनी सशाच्या हाडावर प्रयोग करून दाखवलं की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाचं नुकसान होतं. आम्ही सगळे आजही तोच आकडा डोक्यात ठेवून काम करतो. म्हणजे तुमची चिप निळी पडायला ३०० लागतात आणि आमचं हाड तापानं फणफणलेल्या माणसापेक्षा पाच-सहा अंश वर गेलं की संपलं. त्यात हाडातून उष्णता लवकर पसरत नाही, जिथं तयार झाली तिथंच बसते. रंग बदलत नाही, बहुतेक वेळा वासही येत नाही. कळतं काही आठवड्यांनी, स्क्रू हलला की. मेव्हण्यांचं नेमकं काय झालं हे मी इथं बसून सांगणार नाही. तंबाखू, वाढलेली साखर, जंतुसंसर्ग, लवकर चावायला लागणं, यातल्या कशानंही असंच होतं. पण तुमची शंका वेडगळ नाही.

आता ड्रिल. मोटर ४० हजारांनी फिरू दे, हँडपीसमध्ये २० ला १ चा गिअर असतो. टोकाला आपण मिनिटाला साधारण ८०० ते १२०० फेरे ठेवतो. आधी २ मिमीचं पायलट, मग पायरी पायरीनं मोठं. प्रत्येक ड्रिल आत-बाहेर, आत-बाहेर, सतत सलाईनची धार. सलग दाबून धरलं की पाणी टोकापर्यंत पोचत नाही आणि हाडाचा चुरा खाचांत अडकून बसतो. धार गेलेलं ड्रिल वापरलं तर कितीही पाणी ओता.

पिझोत काहीच फिरत नाही. हँडपीसमध्ये सिरॅमिकच्या चकत्या असतात, वीज दिली की त्या आकसतात-फुगतात आणि टोक थरथरतं. दाब दिल्यावर स्फटिकात वीज तयार होते हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं होतं, त्याचीच ही उलटी बाजू. तुमचे दात साफ करायचं मशिनही याच जातीचं, हाडाच्या मशिनला ताकद जास्त. कंपनं सेकंदाला २४ ते २९ हजार, टोकाची हालचाल ६० ते २०० मायक्रॉनच्या घरात. इटलीच्या डॉ. तोमासो वेर्चेलोत्ती यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी हे तंत्र हाडासाठी घडवलं.

ते टोक नस ओळखतं कसं? ओळखत नाही! हात मोडल्यावर घातलेलं प्लास्टर कापायची गोल करवत बघितलीय? ती प्लास्टर कापते, खालची कातडी कापत नाही, कारण कातडी तिच्याबरोबर हलते. इथंही तसंच. मऊ भाग कंपनासोबत झुलतो, हाड ताठ असल्यामुळे तुटतं. पण त्याच करवतीनं दाबून धरलं तर चटका बसतो की नाही? पिझोनं नसेला चटका बसू शकतो, ओरखडा येऊ शकतो. "कापत नाही" म्हणजे "काही होत नाही" असा अर्थ कोणी काढला तर तो धोकादायक.

मी हे मशिन घेतलं तेव्हा महिनाभर कच्च्या अंड्यांवर सराव केला. कवचावर पेन्सिलनं करंगळीच्या नखाएवढी खिडकी आखायची, पिझोचं हिऱ्याचं टोक त्या रेघेवरून फिरवायचं. पांढरी पूड पाण्याबरोबर वाहून जाते, रेघ हळूहळू करडी दिसायला लागते, मग कवचाचा तुकडा सुटा होतो. तो चिमट्यानं अलगद उचलला की खालचा पडदा तसाच, आत बलक डुलतोय. पहिली बरीच अंडी मी फोडली, कारण ड्रिलची सवय असलेला हात दाबतो. पिझोवर दाबलं की टोकाचं थरथरणं गुदमरतं, कापणं थांबतं आणि सगळी ताकद उष्णतेत जाते. म्हणजे तुमच्या घर्षणाच्या प्रश्नाचं उत्तर असं: हलक्या हातात पिझो थंड, जड हातात ड्रिलपेक्षा वाईट.

भोकाच्या गोलाईबद्दल: तुमचं बेअरिंग इथं डोक्यातून काढा. हे सागवानात स्क्रू पिळण्यासारखं आहे. भोक मुद्दाम लहान ठेवायचं, स्क्रू हाडाला दाबत आत जातो. पिझोला भोकं पाडायची खास टोकं मिळतात, पण बरेच जण सुरुवात पिझोनं करून शेवटचं माप ड्रिलनं घेतात.

आणि निकाल? दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकूण सूर असा, की पिझोनं केलेल्या भोकातल्या स्क्रूची पकड पहिल्या काही आठवड्यांत थोडी कमी घसरते. पुढं टिकण्याच्या बाबतीत फारसा फरक दिसत नाही. वेळ मात्र पिझोला जास्त लागतो. मी पिझो कधी काढते, तर वरच्या जबड्यात सायनसचा, म्हणजे दाढांच्या वरच्या पोकळीचा, पडदा उचलताना, हाडाची कड अरुंद असेल आणि ती उभी चिरायची असेल तेव्हा, किंवा नस अगदी लगत असेल तेव्हा. नसेच्या वर निदान २ मिमी अंतर राखायचं असा आमचा रिवाज. तुमच्याकडे ५ आहे. मी असते तर ड्रिलनंच केलं असतं.

मास्तरीण_कागल

डॉक्टरांनी सायनसचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझी वरची उजवी दाढ होती. दात जाऊन सात वर्षं झालेली, हाड झिजून जेमतेम ४ मिमी उरलं होतं. वर लगेच सायनसची पोकळी. तिथला पडदा एक मिमीपेक्षाही पातळ असतो म्हणे. बाजूनं हाडात खिडकी करून, पडदा वर उचलून, खाली हाडाची पूड भरली. ते सगळं पिझोनं.

आवाज ड्रिलसारखा नव्हता. टाळूत भुंगा कोंडल्यासारखा बारीक गूंऽऽ असा. दुखलं काही नाही, बधिर केलं होतं. पण पाणी! सतत खारं पाणी घशाशी येत होतं, नर्सबाई ओढून घेत होत्या तरी दोनदा ठसका लागला. दीड तास तोंड उघडं ठेवून जबडा इतका आंबला, की घरी आल्यावर मिस्टरांना दोन तास बोलायची मुभा मिळाली.

नंतरचं मात्र कोणी नीट सांगत नाही. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची. माझी तारीख नेमकी जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आधी पडली. पुतण्या डोंगरावरून आला तो डोक्यापासून पायापर्यंत गुलालात न्हालेला, आला तसा पाया पडायला वाकला. मी तोंड आ वासून अशी शिंकले की बिचारा तीन पावलं मागं गेला. पडदा शाबूत राहिला, जोतिबाची कृपा. पुढं सहा महिने थांबून स्क्रू बसवला, आता तिसरं वर्ष चालू आहे.

साखर असेल तर आधी तीन महिन्यांची साखर तपासून घ्या काका. माझ्या डॉक्टरांनी त्याशिवाय हातच लावला नाही.

सीएनसी_शिरोली

मॅडम, तुमचं ते आत-बाहेर म्हणजे आमचा जी-८३ झाला की. पेक ड्रिलिंग. थोडं आत, बाहेर, चिपा झाडायच्या, परत आत. आता आईला घेऊन दातांच्या डॉक्टरकडं गेलो की मी हातच बघत बसणार.

लेथवाला_उद्यमनगर

डॉक्टर मॅडम, एवढं उलगडून तर स्कॅन काढणाऱ्यांनीही सांगितलं नव्हतं. ताई, तुमचा गुलालाचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. साखर तपासली, ठीक आहे. तंबाखू २०११ ला सुटली. सुटली म्हणजे सोडवली गेली.

अजून दोन शंका, मग त्रास देत नाही. आमच्या ड्रिलला पुढं निमुळतं टोक असतं. नेहमीच्या ११८ अंशांच्या टोकाला ड्रिलच्या जाडीच्या साधारण ०.३ पट लांबी जाते. म्हणजे साडेतीन मिमीचं ड्रिल असेल तर टोकच एक मिमीचं. तुमच्या ड्रिलवर १० ची खूण आहे ती टोकापासून मोजलेली की पूर्ण जाडीपासून? टोक धरलेलं नसेल तर १० चं भोक ११ ला जाणार. ५ मिमी शिल्लक असताना चालतं, पण २ शिल्लक असणाऱ्याचं काय?

दुसरं, स्क्रू टायटॅनियमचा. टायटॅनियम मी लेथवर लावलंय, लय चिवट प्रकरण. उष्णता चिपेतून जायची सोडून टूलवर बसते आणि बारीक चुऱ्याला ठिणगी लागली तर तो पेटतो. स्क्रू पिळतानाही हाड तापतं का?

जबडा_सर्जन

काका, पहिला प्रश्न मी विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारते आणि निम्मे गळतात! बऱ्याच कंपन्यांच्या ड्रिलवर खुणेत टोक धरलेलं नसतं. कंपनी आणि जाडीप्रमाणे अर्धा ते एक मिमी जादा खोली जाते, आणि ती त्या कंपनीच्या पुस्तिकेत छापलेली असते. म्हणून २ मिमी शिल्लक ठेवताना ते टोक धरून २ ठेवायचे. असा हिशेब घालणाऱ्या डॉक्टरकडे ड्रिल असो की पिझो, मी डोळे मिटून बसेन.

स्क्रू पिळताना वेग मिनिटाला २०-२५ फेरे फक्त, तिथं गरमीचा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न येतो दाबाचा. खालच्या जबड्याचं हाड टणक. भोक फार घट्ट ठेवलं तर हाड चेंगरतं आणि चेंगरलेलं हाडही मरतं. मग आम्ही आधी आटे पाडून घेतो. त्याला आम्हीही टॅपच म्हणतो. मोटरवर पिळाचा आकडा दिसतो, ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास थांबला की मी खूश असते.

आणि एक राहिलं, हे इतरांसाठी. पेसमेकर असेल तर पिझोच्या आधी डॉक्टरांना सांगा. दात साफ करायला जातानाही सांगा.

लेथवाला_उद्यमनगर

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय. उशीर झाला. गणपतीच्या आधी ऑर्डरी तुंबल्या होत्या.

ड्रिलनंच केलं, दुसऱ्या डॉक्टरांकडं. जायच्या आधी धीर करून म्हटलं, "डॉक्टर, राग मानू नका, पण ड्रिल बघू का?" ते हसले, हात लावू दिला नाही, पण ट्रे समोर धरला. मी खिशातून माझी भिंगाची आयग्लास काढली. पायलट नवं होतं, पाकीट माझ्यासमोर फोडलं. मधल्या एकाची कड जराशी चमकत होती. आमच्यात धार गेली की कड अशी चमकते, धारदार कडेवर उजेड थांबत नाही. मी बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, काही न बोलता ते बाजूला काढलं आणि दुसरं घेतलं. माणूस तिथंच आवडला. टोकाचा हिशेब विचारला, तर म्हणाले ०.८ धरलाय.

खुर्चीत डोळे मिटून मोजत होतो. आत एक-दोन, बाहेर. आत एक-दोन, बाहेर. सलाईन गार होतं, दाताला झोंबावं इतकं. आवाज बाहेरून कमी आणि जबड्यातून जास्त ऐकू येतो, घर्र असा, जुन्या बेल्टच्या ड्रिल मशिनसारखा. जळका वास नाही. हाडाचा चुरा ड्रिलच्या खाचेत दिसला, ओल्या रव्यासारखा, पांढरट गुलाबी. तो त्यांनी वाटीत काढून ठेवला आणि शेवटी स्क्रूच्या बाजूला भरला. टाकाऊ काही नाही, आमच्या बिडाच्या चिपांसारखं. पिळाचा आकडा ३५ ला थांबला. घरी येऊन हिशेब केला, साडेतीन किलो-सेंटीमीटर. एवढ्याशा पान्यानं दोन बोटांनी आवळावं तेवढाच तो जोर, आणि मी आपला मोठा पाना डोळ्यासमोर आणून घाबरलो होतो.

तिसऱ्या दिवशी गाल फुगला, पाचव्याला उतरला. आठवडाभर तांबडा रस्सा बंद, पांढरा कोमट करून. काल एक्सरे झाला. डॉक्टर म्हणाले, धरलंय, अजून महिनाभर थांबून कॅप. मेव्हण्याला हा सगळा धागा पाठवलाय. तो आता दुसऱ्या डॉक्टरांकडं जातोय, खिशात माझी आयग्लास घेऊन.

पिझो काही बघायला मिळालं नाही, याची मात्र चुटपुट लागली. म्हणून रविवारी वर्कशॉपवर सहा अंडी नेली. डाय ग्राइंडरला हिऱ्याचं सगळ्यात बारीक पॉइंट लावलं, पेन्सिलनं खिडकी आखली, वरून पोरगा थेंब थेंब पाणी सोडतोय. चाळीस वर्षांचा हात आहे म्हटलं, बघू या. पहिली चार रेघ पुरी व्हायच्या आत फुटली. पाचव्याचा तुकडा सुटा निघाला, पण त्याच्याबरोबर पडदाही आला. सहाव्याला मी श्वास रोखून धरला, तुकडा निघाला, पडदा दिसला, ओला, पांढरा, शाबूत. पोराला म्हटलं, फोटो काढ. त्यानं मोबाइल काढेपर्यंत माझाच अंगठा आत गेला.

बनियनवर बलक घेऊन घरी गेलो तर बायको म्हणाली, आता अंड्यालाही इम्प्लांट बसवताय का?

भावड्या_भुदरगड

काका नाद खुळा. उरलेल्याची बुर्जी केली का न्हाई?

लेथवाला_उद्यमनगर

केली की. उजव्या बाजूनं चावून खाल्ली.